पाणिग्रहण

जपून चाला. फरसबंदीच्या फटींत चिखल गोठलाय आणि तुमच्या पायांना अशा जमिनीची सवय नाही. तुम्ही बाझल शहरात आला आहात, साल १४४० च्या मागेपुढे, आणि समोर आहे ती डोमिनिकन मठाची दफनभूमी. अंगावर कुठले कपडे आहेत याची चिंता नको, इथल्या कुणालाही तुम्ही दिसत नाही. ओल्या मातीचा वास येईल, मेणबत्त्यांच्या धुराचा येईल, आणि या दोन्हींत न मिसळणारा एक तिसरा वास, ताज्या रंगाचा. तो भिंतीकडून येतोय.

भिंत लांबलचक आहे, साठेक मीटर. तिच्यावर माणसं नाचताहेत, खऱ्या माणसाएवढ्या उंचीची. पहिला पोप, मग सम्राट, सम्राज्ञी, राजा, राणी. पुढे वकील, वैद्य, व्यापारी, आचारी, शेतकरी. प्रत्येकाच्या जोडीला एक प्रेत आहे, सुकलेलं, दात विचकणारं आणि नाचात अगदी तरबेज. माणसं मात्र अवघडून गेलीत, त्यांना नाचायचंच नाहीये. एका सरदारणीच्या हातात आरसा आहे आणि त्यात तिला दिसतोय तो मृत्यूचा चेहरा.

या गावानं १४३९ चा प्लेग पाहिलाय. तेव्हा इथं ख्रिस्ती धर्मसभा चालू होती. युरोपभरचे बिशप, त्यांचे कारकून, नोकरचाकर, घोडे, सगळे या तटबंदीच्या आत कोंडलेले. प्लेगनं कुणाचा दर्जा पाहिला नाही. एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी नावाचा एक इटालियन सचिव आजारी पडला, वाचला आणि पुढे पोप दुसरा पायस झाला. बाकीचे पुष्कळ जण या मातीत आहेत. भिंतीवर पोपला पहिला मान का दिलाय, ते इथं उभं राहिल्यावर कुणी समजावून सांगावं लागत नाही.

सावकार ओलांडून थोडं पुढे या. इथं एक तरुण मुलगी आहे. तिच्यापाशी थांबा, कारण आपण तिच्याच मागावर निघालो आहोत. मृत्यू तिला नाचायला नेतोय. पोपशी वागला त्याहून जास्त सलगी नाही, कमीही नाही. रांगेत तिची पाळी आली, एवढंच. या भिंतीवरचा मृत्यू अजून कुणाच्या प्रेमात पडलेला नाही. पण त्याचा हात नीट पाहून ठेवा. पुढच्या प्रत्येक मुक्कामी आपण तोच हात शोधणार आहोत. (ही भिंत १८०५ मध्ये पाडली गेली. वाचलेले तुकडे बाझलच्या इतिहास संग्रहालयात आहेत.)

आता पाऊणशे वर्षं पुढे. साल १५१७. ऱ्हाईनच्या खोऱ्यातली चित्रशाळा, खिडकीपाशी भरपूर उजेड, आणि टेबलावर लिंडेनच्या लाकडाची एक लहानशी फळी. उंची जेमतेम तीस सेंटिमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. दफनभूमीची भिंत सगळ्या गावासाठी होती. ही फळी एकट्यानं हातात धरून, दार लावून पाहायची. चित्रकार हान्स बाल्डुंग, ज्याला सगळे ग्रीन म्हणतात. हा थोर जर्मन चित्रकार ड्यूररच्या हाताखाली तयार झाला. दोघांचा लोभ असा, की १५२८ मध्ये ड्यूरर गेल्यावर त्याच्या केसांची एक बट आठवण म्हणून बाल्डुंगकडे पाठवण्यात आली.

केसांचं मुद्दाम सांगितलं. खाली वाका आणि फळीकडे पाहा. मुलगी उघडी आहे, कमरेखाली पातळ वस्त्र. मागे मृत्यू उभा आहे आणि त्यानं तिचे मोकळे केस मुठीत धरलेत. दुसऱ्या हातानं तो खाली बोट दाखवतोय, आणि तिला इथंच उतरायचं आहे असं वर अक्षरांत लिहून ठेवलंय. बाझलच्या प्रेतांसारखा हा हसत नाही. त्याच्या हाडांवर अजून मांस आहे, कुजत चाललेलं, कातडीचे पदर सुटलेले. आणि ती? तिनं हात जोडलेत. डोळे रडून लाल झालेत. आणखी जवळ जा, इतकं की श्वास फळीवर पडेल. गालावर अश्रू रंगवलेत. सबंध चित्रात तेच सगळ्यांत जपून केलेलं काम आहे असं मला वाटतं, आणि बहुतेक लोक मृत्यूकडे पाहण्याच्या नादात तेच पाहायचं विसरतात.

यानंतर बाल्डुंगनं आणखी एक चित्र काढलं. त्यात बाईच्या अंगावरचं वस्त्र घसरतंय, मागून कुणीतरी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून गालाशी तोंड नेतंय. चुंबन असावं असं वाटून तिनं मान वळवली आणि दात दिसले. ही दोन्ही चित्रं आज बाझलच्या कलासंग्रहालयात आहेत.

त्याच १५१७ साली, तिकडे बर्नमध्ये, निकलाउस मानुएलही हाच विषय घेऊन बसलाय. त्याच्या खांद्यावरून पाहा. यानं मृत्यूला भाडोत्री शिपायाचे कपडे घातलेत, चिंध्या झालेले, बाहीतून हाड दिसतंय. शिपाई मुलीला आवळून चुंबन घेतोय आणि त्याचा हात तिच्या घागऱ्याखाली गेलाय. ती ओरडत नाही, ढकलत नाही. त्या हाताला जणू तिथला रस्ता माहीत आहे.

शिपाईच का? मानुएलला शिपाई ठाऊक होते. तो स्वतः १५१६ मध्ये स्विस भाडोत्री फौजेबरोबर इटलीत जाऊन आलाय. त्याच्या आधीच्या वर्षी, सप्टेंबर १५१५ मध्ये, मारिन्यानोच्या लढाईत हजारो स्विस तरुण दोन दिवसांत कापले गेले होते. जे परत येत त्यांच्या बरोबर पगार येई, लुटीचं सामान येई आणि एक नवा रोगही येई. १४९५ मध्ये नेपल्सच्या स्वारीत फ्रेंच राजाच्या फौजेत तो प्रथम उसळला आणि फौज मोडल्यावर शिपायांच्या पावलांनी युरोपभर घरोघरी गेला. तो उपदंश, म्हणजे सिफिलिस. आधी गुप्तांगावर फोड, मग अंगभर चट्टे, मग हाडं झडणं. थोड्याच वर्षांत पोर्तुगीज जहाजांतून तो आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही लागला, आणि सोळाव्या शतकात भावमिश्रानं आपल्या वैद्यकग्रंथात त्याची नोंद फिरंग रोग म्हणून केली.

मानुएलनं रोगाचंच चित्र काढलं असा माझा दावा नाही. पण १५१७ मधल्या कुणाही मुलीला शिपायाचा हात आणि मरण यांच्यातली वाट किती जवळची आहे हे माहीत होतं. बाहेरून आलेला देखणा पुरुष, दोन महिन्यांचा सहवास आणि नंतर अंगावर उठलेले चट्टे. किंवा रोग नसला तर गरोदरपण, आणि बाळंतपणात जाणं. भिंतीवरच्या नाचात मृत्यू सगळ्यांना सारखा होता. या फळ्यांवर तो मुलीसाठी वेगळा झाला, कारण तिच्या बाबतीत तो खरोखरच प्रेमाच्या वाटेनं यायचा. या चित्रांकडे आजच्या भुताखेतांच्या प्रेमकथांसारखं पाहिलं तर ती मादक वाटतात. शेजारच्या घरातल्या मुलीला अशी जाताना पाहिलेल्या माणसाला ती तशी वाटली असतील असं मला वाटत नाही.

पुढच्या मुक्कामाला वेळ आहे, आणि या मधल्या अंधारात तुमच्या मनात काय चाललंय याचा मला अंदाज आहे. ज्येष्ठातला वड, त्याच्याभोवतीचा दोरा, आणि तो लाल वस्त्रांतला, लाल डोळ्यांचा, हातात पाश घेतलेला. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला ही गोष्ट सांगतात. यम सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष ओढून काढतो, पाशात बांधतो आणि दक्षिणेकडे चालू लागतो. सावित्री त्याच्यामागे चालते. ती रडत नाही, बोलते. सात पावलं बरोबर चालल्यानं मैत्री होते, असं त्यालाच ऐकवते. एकेक वर पदरात पडतो. सासऱ्याचे डोळे, त्याचं राज्य, वडिलांना पुत्र, स्वतःला पुत्र, आणि शेवटी नवरा. या सबंध वाटेत यम तिला एकदाही हात लावत नाही.

आपल्याकडे मृत्यूला भाऊ केलंय. कार्तिकात तो यमुनेच्या घरी जेवायला येतो, म्हणून यमद्वितीया, म्हणून भाऊबीज. आणि याच्याही कितीतरी मागे, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, यमी स्वतः यमाकडे शरीरसंग मागते आणि तो नकार देतो. म्हणजे ही प्रेमकथा आपल्या परंपरेच्या दाराशी आली होती, तिला आत घेतलं गेलं नाही. म्हणून आपल्या बायका बाळंतपणात कमी मेल्या असं मुळीच नाही. पण मृत्यूशी बोलणारी बाई आपल्या गोष्टीत पहिल्यापासून होती. युरोपातल्या त्या फळ्यांवरची मुलगी मात्र अजून गप्पच होती.

तिचं बोलणं ऐकायला व्हिएन्नाला चला. १ फेब्रुवारी १८२६ ची संध्याकाळ. योसेफ बार्ट नावाच्या गायकाच्या घरी चार वादक बसलेत, समोर थोडे मित्र. भिंतीला टेकून उभे राहा. चष्मा लावलेला, ठेंगणा, गोल चेहऱ्याचा जो माणूस आहे तो संगीतकार फ्रान्झ शूबर्ट. कालच त्याला एकोणतीस पूर्ण झाली.

हे जे वाजणार आहे त्याचं मूळ एका गाण्यात आहे. माथियास क्लाउडियुसनं १७७५ मध्ये एक छोटी कविता छापली, दोनच कडव्यांची. पहिल्यात मुलगी बोलते. मी अजून लहान आहे, तू निघून जा, मला हात लावू नकोस, अशी तिची विनवणी. दुसऱ्यात मृत्यू बोलतो. तो धमकावत नाही. हात मागतो, मित्र म्हणवतो, शांत झोपेचं वचन देतो. शूबर्टनं १८१७ मध्ये, विसाव्या वर्षी, याचं गाणं केलं. मुलीचं कडवं धावतं, श्वास अडखळत. मृत्यूचं जवळजवळ एकाच सुरावर, संथ. गाण्यात दोघंही होते, म्हणून मला ते प्रिय आहे. मुलीला मृत्यूसमोर नको म्हणायला जागा मिळाली.

आता वादकांकडे लक्ष द्या. पहिला भाग हादरवून टाकणारा आहे, चारही वाद्यं एकदम कोसळतात. पण थांबायचंय ते दुसऱ्या भागासाठी. सूर ओळखीचा लागेल, त्याच गाण्यातला. फक्त यात मुलीचं काहीच नाही. तिची धावपळ, तिचं नको, सगळं गेलं. उरली आहे ती मृत्यूची संथ चाल, आणि तिच्यावर एकामागून एक रचत नेलेली रूपं. कधी व्हायोलिन वर थरथरतं, कधी चेलो ती चाल स्वतःकडे घेऊन गातो. ऐकताना अंगावर काटा येतो आणि तरी उठावंसं वाटत नाही.

गाणं आणि चार वाद्यांची ही चौकडी यांच्या मध्ये सात वर्षं गेली. १८२२ च्या अखेरीस शूबर्टला उपदंश झाला, १८२३ मध्ये त्याला रुग्णालयात राहावं लागलं, केस गळले. पाऱ्याचे उपचार, तेही रोगाइतकेच जीवघेणे. मार्च १८२४ मध्ये त्यानं ही चौकडी लिहिली आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी एका मित्राला पत्र पाठवलं, आपल्याइतका दुःखी माणूस जगात नसेल अशा अर्थाचं. मानुएलच्या शिपायाचा हात तीनशे वर्षांनी या माणसापर्यंत पोचला होता. आता मुलगी कुठे गेली? मला वाटतं ती शूबर्ट स्वतःच झाला. जिला मृत्यू समजावतोय तिची जागा त्यानं घेतली, म्हणून तिचा आवाज वेगळा लिहायची गरज राहिली नाही. १८२८ च्या नोव्हेंबरात तो गेला, एकतिसाव्या वर्षी.

शहर तेच राहू द्या, फक्त एकवीस वर्षं पुढे या. १८४७ चा मार्च. हे सार्वत्रिक रुग्णालय, युरोपातलं एक अतिशय मोठं. इथं तुम्हाला जास्त वेळ थांबवणार आहे, आणि ते सोपं जाणार नाही.

प्रसूतीचे दोन विभाग आहेत. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. दाखल करून घेण्याचे दिवस आलटून पालटून. दारात एक मुलगी आली आहे. हातात बोचकं, कमरेत वाकलेली, कळा सुरू झालेल्या. अशा मुली इथं रोज येतात, बहुतेक गरीब, पुष्कळशा बिनलग्नाच्या. इथं फुकट बाळंतपण होतं, बदल्यात विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी आपलं शरीर द्यायचं. आज पहिल्या विभागाचा दिवस आहे असं कळताच ती गुडघे टेकते आणि हात जोडून दुसरीकडे पाठवायची विनवणी करते. तिच्यासारख्या कितीजणी असं करत याचं वर्णन इथल्या एका तरुण डॉक्टरानं लिहून ठेवलंय. त्याचं नाव इग्नाझ सेमेलवाइस, मूळचा हंगेरीतला.

तिचे जोडलेले हात पाहिलेत ना? बाल्डुंगच्या फळीवरचे तेच.

मुलींना जे माहीत होतं ते आकडे सांगत होते. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात शंभरातल्या जवळपास दहाजणी सूतिकाज्वरानं मेल्या, दुसऱ्यात साडेतीन ते चार. रस्त्यात बाळंत होऊन मग इथं आलेल्यासुद्धा पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा सुखरूप राहत. वॉर्डात आत या. रांगेनं खाटा. घंटेचा आवाज ऐकू येतोय? पुजारी शेवटचा विधी करायला निघालाय, पुढे एक सेवक घंटा वाजवत. आजारी बायकांच्या खोलीकडे जायचं तर त्याला बाकीच्या सगळ्या बाळंतिणींच्या खाटांमधून जावं लागतं. घंटा जवळ आली की प्रत्येकजण श्वास धरते. सेमेलवाइसलाही ती घंटा असह्य होई आणि त्यानं पुजाऱ्याला विनंती करून ती बंद करवली. मृत्यूदर त्यानं कमी झाला नाही.

याच मार्चमध्ये त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेत्शका, शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या चाकूनं बोटाला कापला आणि काही दिवसांत मेला. सेमेलवाइस बाहेरगावाहून परत आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानं शवविच्छेदनाचा अहवाल वाचला, आणि त्यात लिहिलेलं शरीर त्याला पाठ होतं. बाळंतिणींच्या शरीरात तो हेच रोज पाहत होता.

सकाळी शवागारात जा. डॉक्टर आणि विद्यार्थी काल मेलेल्या बायकांची प्रेतं उघडताहेत. मग साबणानं हात धुतात. हात स्वच्छ दिसतात, वास मात्र जात नाही. तेच हात घेऊन ते वॉर्डात जातात आणि कळा देणाऱ्या मुलींच्या आत घालून तपासतात. सुईणी शवागारात जात नाहीत. फरक एवढाच होता. मेलेल्या बाईच्या अंगातलं काहीतरी जिवंत मुलीच्या अंगात जात होतं, आणि नेणारा हात बरा करायला आलेल्या माणसाचा होता.

मेच्या मध्यापासून सेमेलवाइसनं वॉर्डाच्या दारात क्लोरीनच्या पाण्याचं भांडं ठेवलं आणि हात त्यात धुतल्याशिवाय कुणाला आत सोडलं नाही. एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या अठराजणी मेल्या होत्या. जूनमध्ये दोन. जुलैत एकीच्या आसपास. त्या भांड्यापाशी थोडं उभे राहा. तीव्र वास नाकात जाईल, विद्यार्थी कुरकुरत हात बुडवतील. या सबंध प्रवासात मृत्यूचा हात मुलीपर्यंत पोचण्याआधी कुणी अडवला तो फक्त इथं. तोही प्रेमानं नाही, कवितेनं नाही, तर वास मारणाऱ्या पाण्यानं. आणि सेमेलवाइसनं एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली, की स्वतःच्या हातांनी आपण किती बायकांना अकाली कबरीत धाडलं हे देवच जाणे. त्या काळच्या बहुतेक थोर डॉक्टरांना तेवढं कबूल करणं जमलं नाही. त्यांनी त्याला बाजूला सारलं. १८६५ मध्ये तो व्हिएन्नाच्याच एका वेड्यांच्या इस्पितळात मेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी, चिघळलेल्या जखमेनं.

शेवटचा मुक्काम, व्हिएन्नाच्या हित्सिंग भागातली चित्रशाळा. १९१५. महायुद्धाला वर्ष होत आलंय. चित्रकार एगॉन शीले पंचविशीतला आहे. त्याचे वडील, टुल्नचे स्टेशनमास्तर, तो चौदा वर्षांचा असताना उपदंशानं भ्रमिष्ट होऊन वारले. त्यामुळे शरीरसुख आणि मरण एकाच घरात राहतात, ही गोष्ट त्याला कुठल्या चित्रातून शिकावी लागली नाही.

समोर दीड मीटर उंच आणि जवळपास दोन मीटर रुंद कॅनव्हास, त्यावर दोन माणसं आहेत. चुरगळलेली पांढरी चादर, खाली तांबूस तपकिरी खडकाळ जमीन. पुरुषानं साधूसारखा गडद झगा घातलाय, त्याचे डोळे भलतेच विस्फारलेले. तो शीले स्वतः आहे. त्याच्या छातीवर डोकं टेकलेली मुलगी म्हणजे वालबुर्गा नॉयझिल. सगळे तिला वॉली म्हणतात.

वॉली १९११ पासून त्याच्याबरोबर होती, सतरा वर्षांची असल्यापासून. त्याची मॉडेल, त्याची सोबतीण, त्याचं घर सांभाळणारी. १९१२ मध्ये त्याच्यावर खटला झाला, तो चोवीस दिवस कोठडीत होता, तेव्हा गावातले लोक पाठ फिरवत असताना ती त्याला भेटायला जात राहिली. पण लग्न करायची वेळ आली तेव्हा त्यानं समोरच्या घरातली, प्रतिष्ठित कुटुंबातली एडिथ हार्म्स निवडली. एका कॅफेत बसून त्यानं वॉलीपुढे प्रस्ताव ठेवला, की दर उन्हाळ्यात आपण दोघं एकत्र सहलीला जाऊ. ती नाही म्हणाली आणि निघून गेली. १७ जून १९१५ ला त्याचं लग्न झालं.

आता हात पाहा, शेवटचेच. तिचे बारीक बाहू त्याच्याभोवती आहेत, पण पाठीमागे बोटं जेमतेम एकमेकांत अडकलीत. त्याचा एक हात तिच्या डोक्यावर आहे. तो धरतोय की दूर करतोय, मी पुष्कळ वेळ पाहिलं तरी मला ठरवता येत नाही. हे चित्र आधी पुरुष आणि मुलगी म्हणून ओळखलं जाई. आज जग त्याला मृत्यू आणि कुमारिका म्हणतं, आणि त्यात शीलेनं स्वतःला मृत्यूची जागा दिली असं सगळे लिहितात. सोडून देणारा प्रियकर स्वतःला मृत्यू समजतो, यात पश्चात्ताप असेल. पण त्यात एक मोठेपणाही आहे, की मी सोडलं म्हणजे ती संपली. वॉली संपली नव्हती. तिनं परिचारिकेचं शिक्षण घेतलं, रेड क्रॉसमध्ये दाखल झाली, आधी व्हिएन्नातल्या लष्करी इस्पितळात आणि मग दालमेशियात, सिन्य गावी, जखमी सैनिकांची सेवा केली. बाझलच्या भिंतीपासून इथवर ज्या मुली पाहिल्या त्यांत स्वतःच्या पायांनी मृत्यूच्या वाटेवर चालत गेलेली, दुसऱ्यांना मागे ओढायला गेलेली, हीच एक. सावित्रीची आठवण मला इथं येते, चित्रापाशी येत नाही.

२५ डिसेंबर १९१७ ला ती सिन्यच्या इस्पितळात वारली. तेवीस वर्षांची होती. पुढच्या शरदात स्पॅनिश फ्लू आला. त्याच सुमारास तो मुंबई इलाख्यातही घरंच्या घरं रिकामी करत होता, आणि आपल्याकडे त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. व्हिएन्नात २८ ऑक्टोबर १९१८ ला सहा महिन्यांची गरोदर एडिथ गेली. तिच्या शेवटच्या तासांत शीलेनं तिचा चेहरा रेखाटला. ३१ तारखेला तोही गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी.

वॉलीला झाला होता तो स्कार्लेट फीव्हर. तो स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जिवाणूमुळे होतो. सेमेलवाइसच्या वॉर्डातला सूतिकाज्वरही बहुतांश त्याच जिवाणूचा. १८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यकसभेत लुई पाश्चरनं त्याच्या मण्यांसारख्या साखळ्या फळ्यावर काढून दाखवल्या होत्या. आज स्कार्लेट फीव्हरवर दहा दिवसांचं पेनिसिलिन पुरतं.